डोहातलं कासव, टाकीतलं कासव

नीरेच्या फुगवट्यात मासेमाराच्या जाळ्याबरोबर एखादं कासव वर आलं, की सगळ्यात आधी दिसतात त्या जळवा. मागच्या पायांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी, कवचाच्या कडेखाली त्या चिकटून बसलेल्या असतात. पाठीवर शेवाळ धरलेलं असतं, कडेला भरून आलेली एखादी जुनी खाच असते, एखादं नख तुटलेलं असतं. पुण्यातल्या सदनिकेत काचेच्या टाकीत वाढलेलं कासव याच्या शेजारी ठेवलं तर ते लखलखीत दिसतं. अंगावर जळू नाही, शेवाळ नाही, नखंही लांबसडक. यातलं निरोगी कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण टाकीतल्याकडेच बोट दाखवतील. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य मात्र घाई करणार नाही. तो टाकीतल्या कासवाच्या पापण्या पाहील, कवच अंगठ्याने हलकेच दाबून पाहील, पाण्यात सोडल्यावर ते एका अंगावर कलतं का ते पाहील. आजार पुष्कळदा तिथेच सापडतो.

रानातल्या आणि बंदिवासातल्या गोड्या पाण्याच्या कासवांची तब्येत ताडून पाहायची, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यासाठी भोर-वेल्ह्याइतका सोयीचा मुलूख पुणे जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. पुण्याहून निघालं की वाटेतच कात्रजला महापालिकेचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आणि सर्पोद्यान लागतं. घाट उतरून शिवापूर मागे टाकलं की नसरापूर येतं. तिथून एक रस्ता वेल्ह्याकडे वळतो आणि पुढे कापूरहोळहून दुसरा भोरकडे. एवढ्या टप्प्यात कासवाच्या जगण्याचे सगळे प्रकार भेटतात: शहरात हौसेने पाळलेली, प्राणिसंग्रहालयात सांभाळलेली, छाप्यात जप्त होऊन उपचाराला आलेली, गावच्या विहिरीत सोडलेली आणि ओढ्या-डोहांत आपली आपण जगणारी.

या मुलखाचं पाणी आधी समजून घ्यायला हवं. वेल्ह्याला आता राजगड तालुका हे नाव मिळालं आहे. तिथली कानंदी आणि गुंजवणी, नसरापूरची शिवगंगा, भोरकडची वेळवंडी हे सगळं पाणी नीरेला मिळतं. वेल्ह्याच्या उत्तर अंगाच्या आंबी आणि मोसे मुठेकडे जातात. वाटा दोन असल्या तरी शेवट एकच, भीमेत. यातल्या बहुतेक नद्यांवर धरणं आहेत. वेळवंडीवरचं भाटघर १९२८ मध्ये पुरं झालं. आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, नीरेवर नीरा देवघर आणि कानंदीवर अलीकडचं गुंजवणी. धरण झालं म्हणजे कासव संपलं, असं होत नाही. साचलेल्या पाण्यातही ते तग धरतं. बदलतं ते वर्षाचं गणित. पूर्वी पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी नदी असे. आता पातळी कालव्याच्या आवर्तनावर हलते. पाणी खाली गेलं की उघड्या पडलेल्या काठाच्या जमिनीत गाळपेर होते, आणि त्याच गाळात कासव उन्हाळा काढायला गेलेलं असतं.

इथे मुख्यतः दोन जाती लक्षात घ्याव्या लागतात. पहिली मऊ पाठीची. हिच्या पोटाच्या मागच्या बाजूला कातडीच्या झडपा असतात आणि धोका दिसला की मागचे पाय त्या झडपांआड झाकून घेते. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. गोगलगायी, बेडूक, मासे, मेलेलं जनावर, पाणवनस्पती, हिला काहीही चालतं. पाणी आटलं की ही चिखलात शिरते आणि महिनोन् महिने तशीच राहते. दुसरी काळ्या, कठीण पाठीची, पाठीवर तीन उभे कंगोरे असलेली मेलानोकेलिस ट्रायजुगा. ही दिवसा दडून राहते, संध्याकाळनंतर आणि पावसाळी दिवसांत हिंडते, आणि कोरड्या दिवसांत पालापाचोळ्याखालीही मुक्काम ठोकते. दोघींच्या सवयी वेगळ्या, म्हणून आजारही वेगळे. एकीला चांगली असलेली टाकी दुसरीला मारक ठरू शकते.

आता जळवांकडे. जळू रक्त पिते आणि पिताना रक्तातले एकपेशीय परजीवी एका कासवातून दुसऱ्यात नेते. रानातल्या कासवाच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर लाल पेशींच्या आत असे परजीवी दिसणं ही नित्याची बाब आहे. आतड्यात गोलकृमीही असतात. तरीही असं कासव हातात धरलं तर पाय जोराने झाडतं, मान आखडून घेतं, मऊ पाठीचं असेल तर कडकडून चावायलाही बघतं. यजमान आणि परजीवी यांचा सहवास फार जुना आहे. दोघांनी एकमेकांना सोसायची पद्धत बसवून घेतली आहे. म्हणून परजीवी सापडला एवढ्यावरून कासव आजारी ठरत नाही. भारदस्त कासवावर चार-दोन जळवा असणं ही एक गोष्ट. डोळे खोल गेलेल्या, काखेतलं मांस झडलेल्या कासवाचं अंग जळवांनी भरलेलं असणं ही अगदी निराळी. दुसऱ्यात बहुधा आधी कासव खचलेलं असतं आणि मग जळवांचं फावलेलं असतं.

रानातली तब्येत ऋतूवर चालते, हेही विसरून चालत नाही. श्रावणात धष्टपुष्ट असलेलं कासव वैशाखात हलकं भरतं. त्या वेळी ते खात नाही, हालत नाही, श्वासही संथ असतो. गाळपेरीच्या नांगराला लागून किंवा ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारख्या योजनेत गाळ उपसताना जेसीबीच्या सुपात असं कासव वर आलं, तर बघणाऱ्याला ते मरायला टेकलेलं वाटणं साहजिक आहे. कुणी त्याला टबात टाकतो, कुणी खायला घालतो, कुणी शहरात दवाखान्यात नेतो. खरं म्हणजे ते आजारी नसतं, ऋतू पाळत असतं. ओरखडा-फट तपासून, नसेल तर जवळच्याच ओलसर, न उकरलेल्या गाळात ते परत ठेवणं हा त्याच्यावरचा सगळ्यात चांगला उपचार असतो.

रानातली कासवं सुखात आहेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्या दुखण्यांची कारणं बहुतेक बाहेरून येतात. गळाला लावलेलं आमिष कासवही गिळतं. मग आकडा घशात किंवा अन्ननलिकेत रुततो आणि ते उपाशी मरतं. नायलॉनचं जाळं पाण्याखाली लावून रात्रभर ठेवलं तर त्यात अडकलेलं कासव गुदमरतं, कारण कितीही वेळ बुडी मारता येत असली तरी श्वासाला त्याला वर यावंच लागतं. मिरगाच्या पहिल्या सरींना कासवं एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याकडे निघतात. त्यांच्या वाटेत पुणे-सातारा महामार्ग येतो, वरंध घाटाकडे जाणारा भोर-महाड रस्ता येतो. उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागतो तेव्हा पाचोळ्याखाली निजलेल्या काळ्या कासवाला पळता येत नाही. भाताच्या खाचरातली कीटकनाशकं ओढ्यात उतरतात. मऊ पाठीच्या कासवाला हे अधिक बाधतं, कारण ते पाण्याखाली असताना कातडीतूनही काही प्रमाणात प्राणवायू घेतं.

बंदिवासातली दुखणी मात्र आतून वाढतात, आणि सावकाश. त्यांचं मूळ बहुतेक वेळा प्रेमाने दिलेल्या चुकीच्या जेवणात आणि नसलेल्या उन्हात असतं. कासवाचं कवच म्हणजे हाड; बरगड्या आणि कणा पसरून, जुळून ते बनलेलं असतं आणि वर कातडी किंवा शिंगासारखं आवरण असतं. हाड बांधायला कॅल्शियम लागतं, कॅल्शियम शोषायला ड-३ जीवनसत्त्व लागतं आणि ते अंगात तयार व्हायला उन्हातले अतिनील-ब किरण लागतात. खिडकीची काच हे किरण अडवते. म्हणजे टाकी खिडकीत, भरपूर उजेडात ठेवली तरी कासवाच्या दृष्टीने ते अंधारातच असतं. त्यात जेवण म्हणून नुसत्या मांसाचे तुकडे दिले तर संकट दुप्पट होतं. मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट असतो, आणि कासवाला हवं असतं त्याच्या उलट, फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त. ओढ्यातलं कासव गोगलगाय शंखासकट खातं, मासा काट्यासकट खातं, तिथे हा हिशेब आपोआप जुळतो. टाकीतलं कासव आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढत राहतं. कवच रबरासारखं लवायला लागतं, वाकडं वाढतं, पाय थरथरतात. मालकाला वाटतं, लहान आहे, म्हणून मऊ आहे.

पापण्यांची कथा अशीच. महिनोन् महिने सुकी कोळंबी किंवा एकाच प्रकारचे दाणे खाणाऱ्या कासवाला अ जीवनसत्त्व कमी पडतं. डोळ्यांच्या, नाकाच्या, श्वासनलिकेच्या आतलं नाजूक अस्तर जाड आणि कोरडं होतं, पापण्या सुजून मिटतात. न दिसणारं कासव खात नाही, आणि न खाल्ल्याने आणखी खचतं. पाठोपाठ कानाच्या पडद्यामागे घट्ट पू साठतो, फुप्फुसाला लागण होते, आणि एका बाजूचं फुप्फुस भरलं की कासव पाण्यात तिरकं तरंगतं. हा शेवटचा टप्पा असतो. लोक बहुधा इथे डॉक्टर शोधायला लागतात.

पाणी हे तिसरं कारण. कासव जिथे खातं तिथेच घाण करतं. वाहत्या ओढ्यात ती वाहून जाते, टाकीत तिचा अमोनिया होतो. सिमेंटच्या खरखरीत हौदात पोट घासून जखमा होतात आणि त्या जखमांतून जिवाणू आत शिरतात. कवचावर खड्डे पडतात, दुर्गंधी येते, पुढे विष रक्तात भिनतं. मऊ पाठीच्या कासवाला तर अंग पुरून बसायला वाळू किंवा चिखल नसेल तर ते सतत अस्वस्थ राहतं आणि काचेवर नाक घासून घासून जखमी करून घेतं. शिवाय साल्मोनेला आहेच. हा जिवाणू कासवाला फारसं काही करत नाही, लहान मुलांना मात्र अंथरुणाला खिळवतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी आहे ती याचमुळे. मुलं ती तोंडात घालत होती. आपल्याकडे बाजारात हिरवी, कानशिलावर लाल पट्टा असलेली परदेशी कासवं विकली जातात आणि त्यांच्या टाक्या स्वयंपाकघरातल्या मोरीत धुतल्या जातात.

मग तब्येत मोजायची कशी? इथे तुलनेची खरी गरज कळते. कासवाच्या लाल पेशींनाही केंद्रक असतं, त्यामुळे माणसांच्या प्रयोगशाळेतलं मोजणीयंत्र गोंधळतं. पेशी डोळ्यांनीच मोजाव्या लागतात. रक्त गोठू नये म्हणून आपल्याकडे सर्रास वापरतात ते रसायन कासवाच्या पेशी फोडतं, म्हणून हेपॅरिन वापरावं लागतं. एवढं करून आकडा हाती आला तरी तो कशाशी ताडून पाहायचा? अंडी पोटात असलेल्या मादीच्या रक्तात कॅल्शियम भरपूर वाढलेलं असतं. ते न कळलं तर धडधाकट मादीवर मूत्रपिंडाचा उपचार सुरू होईल. जाळ्यात रात्रभर अडकलेल्या कासवाच्या रक्तात ताणाचं संप्रेरक चढलेलं असतं. ते त्या रात्रीचं असतं, त्याच्या आयुष्याचं नव्हे. म्हणून आजारी कासव ओळखायला आधी निरोगी रानकासवांचे आकडे लागतात, आणि तेही त्याच जातीचे, त्याच हवामानातले, ऋतूवार. प्रसिद्ध झालेले बरेचसे आकडे अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या जातींचे आहेत. मावळातल्या ओढ्यातलं कासव त्यांच्या मापाने मोजणं धोक्याचं आहे.

रान आणि टाकी यांच्या मधली एक जागा मराठी मुलखात फार जुनी आहे: विहीर. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडायची रीत पुष्कळ गावांत होती, आजही आहे. सोडणाऱ्याच्या मनात कासवाबद्दल आदरच असतो. शिवालयात नंदीपुढे दगडी कासवाला हात लावून पुढे जाणारी ही माणसं. पण बांधीव विहिरीतून कासवाला वर येता येत नाही. उन्हाला बसायला दगड नाही, अंडी घालायला माती नाही, जोडीदार नाही. मादी असेल तर अंडी पोटात अडकून राहतात आणि ते तिच्या जिवावर बेतू शकतं. तरीही विहिरीतलं कासव काचेच्या टाकीतल्यापेक्षा अनेकदा बरं निघतं, कारण त्याला किडे, बेडूक, शेवाळ असं मिश्र खाणं मिळतं आणि पाणी खोल असतं. देवळांच्या तळ्यांचंही तसंच. आसाममध्ये हाजो इथल्या हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्याने तर एक जात सांभाळली: काळं मृदुकवची कासव २००२ मध्ये रानातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं होतं, पुढे ते रानातही सापडलं, आणि तळ्यातल्या अंड्यांतून निघालेली पिल्लं पोबितोराच्या अभयारण्यात सोडली गेली. श्रद्धेला थोडी माहितीची जोड मिळाली तर काय घडतं, ते तिथे दिसतं. भाविकांनी टाकलेले चुरमुरे आणि ब्रेड हे मात्र कुठल्याच तळ्यातल्या कासवाचं अन्न नव्हे.

श्रद्धेची दुसरी बाजू क्रूर आहे. ‘पैशांचा पाऊस’ पाडण्यासाठी वीस नखांचं कासव हवं, या थापेपायी महाराष्ट्रात कासवं पकडली जातात, गोणीत कोंबली जातात, हातोहात फिरवली जातात. काळ्या कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे अठरा नखं असतात. मऊ पाठीच्याला प्रत्येक पायाला तीन. वीस भरावीत म्हणून मग कासवामागून कासव तपासलं जातं. आपल्या नद्यांतलं कुठलंही कासव पकडणं, पाळणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे आणि जादूटोणाविरोधी कायदाही २०१३ पासून लागू आहे. छाप्यात सुटलेली कासवं वनविभागामार्फत उपचाराला येतात. पुण्याजवळ बावधनला असं एक केंद्र आहे; तिथे रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट वनविभागासोबत काम करतं. अशा कासवांत रानातल्या जखमा आणि बंदिवासातली उपासमार दोन्ही एकत्र दिसतात. कवच फुटलेलं असेल तर ते जुळायला महिने लागतात, कधी वर्षही.

आणि बरं झालेलं कासव सोडायचं कुठे? दिसेल त्या धरणात सोडून फोटो काढला की काम झालं, अशी समजूत सगळ्यात घातक आहे. अनेक ठिकाणची कासवं एका हौदात राहिली की एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, आणि तो रोग घेऊन ती नदीत उतरतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पश्चिमी तळकासवाची संख्या १९९० च्या सुमारास दीडशेवर आली होती. १९९१ पासून पिल्लं प्राणिसंग्रहालयात वाढवून रानात सोडायला सुरुवात झाली आणि जात वाचली. पण पुढे रानातल्या कासवांच्या कवचाला आतून पोखरणारा रोग दिसू लागला, आणि त्याच्याशी निगडित बुरशीला २०१९ मध्ये कुठे नाव मिळालं. तिथले लोक थांबले नाहीत. पिल्लं वाढवण्याची पद्धत तपासू लागले. उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. न्यू साउथ वेल्समधल्या बेलिंजर नदीत २०१५ च्या सुरुवातीला कासवं डोळे सुजून, आंधळी होऊन काठावर मरू लागली. कारण निघालं एक नवा विषाणू. प्रौढ कासवं जवळजवळ सगळी गेली. लागण न पोहोचलेल्या वरच्या अंगातून मोजकी निरोगी कासवं उचलून बंदिवासात नेली म्हणून ती जात आज आहे. त्या नदीत बंदिवास हाच शेवटचा आसरा ठरला.

हे दूरचं वाटत असेल तर भीमेच्या खोऱ्यातल्या तिसऱ्या कासवाकडे पाहावं. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये एका मोठ्या मृदुकवची कासवाचं वर्णन केलं आणि त्याचं मूळ ठिकाण म्हणून पुण्याची नोंद केली. मुंबईत डॉक्टर असलेल्या अँड्र्यू लीथ यांचं नाव त्याला मिळालं. हे कासव फक्त भारतीय द्वीपकल्पात, नद्यांत आणि जलाशयांत राहतं. मांसासाठी आणि कवचाच्या कडेच्या कूर्चेसाठी ते इतकं मारलं गेलं, की तीस वर्षांत त्याची संख्या नव्वद टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. जागतिक लाल यादीत ते आता अतिसंकटग्रस्त आहे आणि २०२२ मध्ये पनामातल्या वन्यजीव-व्यापार परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंधन आलं. पुण्याच्या नावाने शास्त्राला कळलेलं हे कासव वाचवण्यासाठी उद्या काही माद्या सांभाळायची वेळ आलीच, तर त्यांना किती खोल वाळू लागते, कोणत्या महिन्यात त्या खात नाहीत, अंगावर किती जळवा असल्या तर काळजीचं कारण नाही, रक्तातलं कॅल्शियम किती चढलं म्हणजे पोटात अंडी आहेत, हे कुणालातरी माहीत असायला हवं. ते नीरेच्या आणि भीमेच्या पाण्यात ती जिवंत असतानाच नोंदवून ठेवता येईल. पुढच्या पानांत भोर-वेल्ह्याच्या साध्या, अजून सहज भेटणाऱ्या दोन जातींवर त्याच नोंदींची सुरुवात केली आहे: वजन, लांबी, ऋतू, पाण्याची जागा, जखमा, जळवा आणि शक्य तिथे रक्ताची एक काचपट्टी.